पाळीव जंतू

फ्रिजच्या दारातल्या ज्या कप्प्यात इतरांच्या घरी अंडी असतात, तिथे गुरुप्रसाद घाडीच्या घरी औषधाची एक बाटली उभी असायची, आणि तिच्या आसपास काहीही ठेवायला सक्त मनाई होती. शर्मिलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा घाईघाईत तिच्या शेजारी सोललेल्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, भांडं ठेवलं, तर गुरूने दिवसभर तिच्याशी अबोला धरला. बाटलीतल्या गोळ्या साध्यासुध्या नव्हत्या. त्यांत जंतू होते, तेही जिवंत, एकेका गोळीत कोट्यवधी. उन्हाने ते मरतात, तेव्हा थंड जागी ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं.

गुरू मालवणात एका कचेरीत कारकून होता. पेंडखोल हे त्याचं गाव, आणि पेंडखोलहून मालवणला जाणारी सकाळची एसटी हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट. गाडीत बसला की आता पोटात कळ येणार अशी भीती वाटायची, आणि भीती वाटली की कळ यायचीच. वाटेत कुठल्या वळणावर कोणाचं घर आहे, त्या घराला संडास कुठल्या बाजूला आहे आणि त्या घरातल्या माणसांशी सध्या आपलं बोलणं आहे की नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. गुरूला सर्वांत जास्त दुःख त्याचंच होतं. माणूस एवढा भोगतोय आणि कागदावर मात्र काहीच नाही, म्हणजे लोक ढोंग म्हणणार, आणि पेंडखोलचे लोक तसंच म्हणत होते.

तरीही हे सगळं त्याने गिळलं असतं. खरा प्रश्न मानाचा होता. घाड्यांच्या घराण्याकडे गावच्या सातेरी देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. घाड्याने देवीसमोर उभं राहून गावाच्या वतीने बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या गावाने एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही, पाठ फिरवायची नाही. गेल्या जत्रेत गुरूने दोन्ही केलं. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं असताना तो एकाएकी गप्प झाला, पांढराफटक पडला आणि धोतर सावरत काजूच्या बागेत दिसेनासा झाला. गावाने सवयीने त्यालाही "व्हय म्हाराजा" म्हटलं. उरलेलं गाऱ्हाणं त्याचा चुलतभाऊ धोंडू घाडी याने पुढे होऊन पुरं केलं. त्या दिवसापासून धोंडू गाऱ्हाण्याची तालीम करत होता आणि ती गुरूला ऐकू जाईल अशा बेताने परसात करत होता.

पुन्हा एकदा असं घडलं तर मान धोंडूकडे, असं गावचे मुख्य मानकरी शिवाआबा यांनी स्पष्ट सांगून टाकलं. म्हणूनच गुरू डॉक्टर सिल्व्हियांकडे गेला. त्यांनी सगळे कागद शांतपणे चाळले. आतडी बिघडलेली नाहीत, पण जरा जास्त हळवी आहेत, आणि मनाचं नि आतड्यांचं एकमेकांना सगळं कळत असतं, असं त्यांनी समजावलं. या दुखण्याला आयबीएस म्हणतात हेही सांगितलं. नाव मिळाल्यावर गुरूला निम्मं बरं वाटलं.

"हे प्रोबायोटिक. पोटाच्या उपयोगाचे जंतू असतात यात," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना गुण येतो, काहींना नाही. दोन महिने घेऊन बघू. फरक पडला नाही तर बंद करू. मनाला फार लावून घेऊ नका."

यातली पहिली दोन वाक्यं गुरूने ऐकली आणि बाकीची तिथेच सोडून दिली. गावात आल्यावर ज्याने ज्याने कुत्सितपणे तब्येत विचारली, त्याला त्याला तो ऐटीत सांगू लागला की आपल्या फ्रिजात कोट्यवधी जिवंत जंतू आहेत, त्यांना आपण जपतो, वेळच्या वेळी पोटात सोडतो, आणि ते आपलं काम चोख करतात. हे ऐकवण्याची काही गरज नव्हती. पण ढोंगी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाला पुरावा हातात आला की तो मिरवल्याशिवाय राहवत नाही.

आणि त्याच थंडीत देवीने गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे अख्ख्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं तर जायचीच, पण गाईगुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंही न्यायची. वेशीच्या आत जिवंत असं काही ठेवायचं नाही. मग चौथ्या दिवशी देवीला गाऱ्हाणं घालायचं, कौल मागायचा, आणि तिने उजवा कौल दिला की परत यायचं. पेंडखोलच्या लोकांना हा सण दिवाळीपेक्षा प्यारा. मुंबईचे चाकरमानीसुद्धा रजा टाकून येतात. नदीकाठी झोपड्या उभ्या राहतात, कोंबडीची वडे-सागोती शिजते, भजनं होतात. गुरूने ही बातमी ऐकली आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहिली. नदीकाठी संडास नव्हता.

देवळात तयारीची बैठक भरली. झोपड्या कुठे, चुली कुठे, गुरं कुठे, हे ठरलं. बैठक उठणार एवढ्यात धोंडू घसा खाकरत उभा राहिला. गुरूच्या घरी कोट्यवधी जीव आहेत आणि त्यांचं काय करायचं हे अजून कोणी बोललेलं नाही, असं त्याने अत्यंत काळजीच्या सुरात मांडलं. आधी लोक हसले. मग शर्मिलाने विचारलं की जंतूच काढायचे तर प्रत्येकीच्या घरात विरजण आहे, इडलीचं पीठ आहे, त्याचं काय? बायकांत चुळबुळ झाली. कोणीतरी मुंग्यांचा विषय काढला. बैठक हाताबाहेर जाणार असं दिसल्यावर शिवाआबांनी हात वर केला.

"मुंगयेक कोण इचारता?" आबा म्हणाले. "मुंगी कोणी पाळूक नाय. धंयाक कोण जितां म्हणणा नाय. पण गुरू, तूच साऱ्या गावाक सांगत फिरतंस की माझे जंतू जिते आसत, मी त्येंका संबाळतंय. म्हणजे तू ते पाळलंस. पाळलेला काय आसात ता वेशीभायर न्हेवक होया."

ते जिवंत नाहीत म्हणावं तर औषध खोटं आणि आपण ढोंगी. गुरू खाली बसला.

निघायच्या दिवशी पेंडखोलच्या रस्त्यावरून बैलगाड्या, टेम्पो, शेळ्या, पिंजऱ्यातले पोपट असं सगळं गेलं, आणि त्यांच्यामागून गुरू दोन्ही हातांनी थर्माकोलचा मासळीचा खोका छातीशी धरून चालला. खोक्यात बर्फ होता आणि बर्फात बाटली. शर्मिलाने देवबागच्या एका ओळखीच्या मासेवालीकडून खोका मागून आणला होता. त्याला बांगड्याचा असा वास होता की वेशीपर्यंत गावातली सगळी मांजरं गुरूच्या मागून आली. निदान मांजरांना हाकलत न्यायचे कष्ट कोणाला पडले नाहीत.

पुढचे दिवस गाव सुखात होतं आणि गुरू नरकात. सगळ्यांच्या ताटात सागोती, त्याच्या ताटात मऊ भात. सगळ्यांनी झोपड्या नदीच्या बाजूला घेतल्या, त्याने काजूच्या बागेच्या बाजूला, एकदम टोकाची. तिथून झाडीकडे जायला आडोशाची वाट होती, पण त्या वाटेवर धोंडूने आपली म्हैस बांधली. दर खेपेला म्हैस हंबरायची आणि सगळ्या तळाला कळायचं की गुरू निघाला. ज्या दुखण्याचे तपशील त्याने बायकोलाही धडपणे सांगितले नव्हते, ते आता चव्हाट्यावर आलं होतं. जाता-येता लोक खोक्याशी थांबायचे. जनावरं कशी आहेत, चारापाणी झालं का, विण्याच्या बेतात आहेत का, असं विचारायचे. गुरूला वाटायचं की सरळ नदीत चालत जावं. पण पाणी गुडघ्याएवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलं आणि बर्फ संपला. मासेवाली नवा बर्फ घेऊन येईपर्यंत खोक्यात नुसतं कोमट पाणी राहिलं, आणि बाटलीतल्या गोळ्या घामेजून एकमेकींना चिकटल्या. धोंडूने डोकावून पाहिलं आणि तसाच तो शिवाआबांकडे गेला. गुरू मागोमाग पोचला तोवर निम्मं गाव जमलं होतं.

"आबानू, तेचे जंतू मेले," धोंडू म्हणाला. "आता तेका सुतक इला. सुतकातलो माणूस गाऱ्हाणा कसा घालतलो?"

शिवाआबा म्हणाले की गाय मेली तर घरधन्याला सुतक येत नाही, सुतक भावकीतल्या माणसाचं.

"गाय गोठ्यात रवता," धोंडू म्हणाला. "हे तेच्या पोटात रवतत, तेच्याच ताटातला खातत. भावकी म्हणजे आणि येगळा काय आसता?"

शिवाआबा विचारात पडले. ही माणसं अशी, की बोलणं कितीही अचाट असलं तरी त्याला उत्तर दिल्याशिवाय ती सोडत नाहीत. गुरू ओरडायला गेला, पण कळ आली आणि त्याला मध्येच जावं लागलं. म्हैस हंबरली. तो परत येईस्तोवर निर्णय झाला होता. जंतू जिवंत असल्याचं दाखवून दे, नाहीतर परवाचं गाऱ्हाणं धोंडू घालील.

गुरू झोपडीत जाऊन डोक्याला हात लावून बसला. त्याच्या बापाने हे गाऱ्हाणं घातलं होतं, आज्याने घातलं होतं. कचेरीत त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. अख्ख्या जगात एकच जागा अशी होती की तिथे गुरू घाडी बोलायचा आणि चारशे माणसं होकार भरायची. ती जागा आता एका बाटलीतल्या चिकट गोळ्यांपायी जाणार होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने शर्मिलापासून लपवलंही नाही.

शर्मिलाने चुलीवर दूध तापवलं. कोमट झाल्यावर ते घेऊन ती शिवाआबांच्या चुलीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत तिने दोन गोळ्या फोडून त्यात घातल्या. भांड्यावर झाकण, झाकणावर घोंगडी, आणि राखणीला खुद्द आबा. दही लागलं तर जंतू जिवंत, दूध नासलं किंवा तसंच राहिलं तर मेले, असं तिने सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. दही कसं लागतं हे त्या तळावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सकाळी आबांनी झाकण काढलं. दही लागलं होतं. घट्ट नव्हतं, पण भांडं तिरकं केलं तर हलेना. गावाने गुरूच्या पाठीवर थापा मारल्या. पोटात काहीतरी हलल्याने त्याला त्या फारशा मानवल्या नाहीत, पण मान वाचला होता. धोंडू म्हैस सोडायला गेला.

चौथ्या दिवशी सगळं गाव वेशीवरच्या देवळाशी उभं राहिलं. गुरूने आदल्या दुपारपासून पोटात पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. त्याने डोळे मिटून सुरुवात केली आणि एकही शब्द न अडखळता अख्खं गाऱ्हाणं घातलं. चार वेशी, बारा वाड्या, माणसं, गुरंढोरं, काजू-आंबा, मुंबईचे चाकरमानी, कोणीही सुटलं नाही. व्हय म्हाराजाचा घोष नदीपलीकडे गेला. आपण सुटलो असं गुरूला वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्याने मोकळा श्वास घेतला.

पुजाऱ्याने देवीच्या पाषाणाला फुलाच्या भिजलेल्या पाकळ्या लावल्या. सगळे टक लावून बघत राहिले. पाकळी डावीकडची पडली.

पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. देवी घरी जाऊ देत नव्हती.

शिवाआबा मागे वळले. वेशीच्या आत काही जिवंत राहिलं असेल तर आत्ताच सांगा, लपवू नका, असं त्यांनी बजावलं. लोकांनी आपापली कोंबडी-कुत्री मोजली. सगळी होती. तेवढ्यात शर्मिला गुरूच्या मागे येऊन उभी राहिली.

"अवो, आयकलात," ती हळूच म्हणाली. "दुसरी बाटली फ्रिजातच आसा. नवीन आणलेली. उन्हात सगळेच कित्याक मारूचे, म्हणान मी तीन दिसांपुरतेच भायर काडलंय. तुमच्या पोटाच्या काळजेन केलंय ओ."

गुरू कोणाला सांगणार? गावाची चूक देवीला सांगायचं काम ज्याचं, तो घाडी तोच होता. गप्प राहावं तर चारशे माणसं, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं नदीकाठी पडून राहणार. बोलावं तर शर्मिलावर गाव तुटून पडणार आणि धोंडू मान नेणार. आणि हा विचार संपायच्या आत, सकाळपासून दबून असलेली कळ पोटात जागी झाली.

तो पुन्हा देवीकडे वळला आणि हात जोडले.

"गे माये सातेरी, चुकी झाली आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"ती दुसऱ्या कोणाची नाय. ह्या तुझ्या घाड्याची आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या पोटाक धड नाय म्हाराजा. कदी चार दिस होणा नाय, कदी चार पावलां चलाक देणा नाय."

गाव क्षणभर थबकलं. पण गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं. "व्हय म्हाराजा!"

"जत्रेक तुझ्या म्होरसून पळालंय, ता ह्या पोटान पळयल्यान म्हाराजा. मी ढोंग करूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या गावाने ते मान्य केलं होतं.

"डाक्टरणीन जिते जंतू दिल्यान, त्येतले थोडे घराक ऱ्हवले. माझ्या बायलेन ते मायेन ठेयल्यान, लबाडीन नाय. तिका पदरात घे. काय ता माका कर, पण बेगीन कर म्हाराजा, माका आता धीर नाय."

"व्हय म्हाराजा!"

पाकळी उजवी पडली. लावल्या लावल्या पडली, म्हणतात. गुरूने ती पडताना पाहिली की नाही कोण जाणे, कारण तोवर तो धावत सुटला होता, वेशीतून आत, सरळ घराच्या दिशेने. मानकऱ्याने पुढे व्हायचं आणि गावाने मागून जायचं ही रीतच होती. ढोलवाल्यांनी ढोल उचलले, देवीचे तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेले देवखांब, निघाले, गुरं सुटली, आणि सगळं पेंडखोल गुरूच्या मागून धावत गावात शिरलं. त्याच्या घराशी येऊनच ते थांबलं.

त्यानंतर धोंडूने मानाचं नाव काढलं नाही, असं मात्र नाही. जत्रेआधीच्या बैठकीत त्याने काढलं. मानकरी देवीच्या नियमात चुकला, तेव्हा मान फिरवावा, असं तो म्हणाला. शिवाआबांनी ते मान्य केलं.

"मान न्हे तू," आबा म्हणाले. "पण देवीन कौल दिल्यान तो ज्या बोलांवर, ते बोल आता गाऱ्हाण्यातसून काडूक येवचे नाय. आसत तसे म्हणूचे लागतले. माझ्या पोटाक धड नाय, चार पावलां चलाक देणा नाय, सगळा. आणि मगे धावत घराक जावचा."

बैठकीत बायकाही होत्या. धोंडूच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडची माणसं जत्रेला येणार होती. धोंडूने अलीकडे आपला गुडघा दुखतो असं सांगितलं. दुसरा कोणीही पुढे आला नाही. मान गुरूकडे राहिला, आणि पुढेही राहील अशीच सगळी चिन्हं होती. त्याचा मुलगा ओंकार पुण्यात शिकतो. दगड पचवील असं त्याचं पोट. पुढेमागे त्यालाही देवीसमोर हेच म्हणावं लागेल, हे गुरूने अजून त्याला कळवलेलं नाही.

दोन महिने झाल्यावर डॉक्टर सिल्व्हियांनी फरक विचारला. थोडा वाटतो, गुरू म्हणाला. पण तो गोळ्यांमुळे, की आता लपवायला काही उरलं नाही म्हणून, हे त्याला सांगता येईना. डॉक्टर म्हणाल्या की ते त्यांनाही सांगता येणार नाही, आता गोळ्या बंद करून बघू.

जत्रेच्या दिवशी गुरूचं पोट एकदम शांत होतं. सकाळी सगळं यथास्थित झालं होतं. त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. पोटाच्या ओळींना गावाने इतर कुठल्याही ओळीपेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मुलाकडची माणसंही त्यात सामील झाली. गाऱ्हाणं संपलं. गुरू जागचा हलला नाही. त्याला कुठेही जायचं नव्हतं. मग त्याने मागे पाहिलं, तर ढोलवाले ढोल बांधून तयार, तरंग उभे, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत थांबलेलं.

तो धावला. गाव मागून धावलं. घराशी येऊन तो दारात थांबला, तर आबांनी हाताने पुढची खूण केली. गुरू परसात गेला, संडासात शिरला आणि त्याने आतून कडी लावली. तो आत ढोल थांबायची वाट बघत बसून राहिला, आणि बाहेर ढोलवाले तो बाहेर यायची वाट बघत वाजवत राहिले.